डेटा कोणी खाल्ला?

राखोलीत महिना सरायच्या आत डेटा संपला की चौकशी ठरलेल्या क्रमानं होते. पहिला आरोपी घरातला मुलगा, दुसरा पासवर्ड माहीत असलेला शेजारी, तिसरा भिंतीपलीकडचा भाडेकरू, जो बिचारा कंपनीत रात्रपाळीला असतो. टेबलावरच्या कॉम्प्युटरवर संशय कोण घेणार? तो घरचाच, शिवाय हप्त्यांवर घेतलेला.

जवळच्या मधुबन धरणाच्या पाण्याच्या वाटण्या निदान कागदावर तरी असतात. डेटाची वाटणी मशीन परस्पर करून टाकतं. २०१५ साली विंडोज १० आलं, तेव्हा तुमच्याकडे उतरलेले अपडेट तुमच्याच कनेक्शनवरून अनोळखी लोकांच्या मशीनना पोचवायची व्यवस्था मायक्रोसॉफ्टनं त्यात घातली होती. नाव 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन'. होम आणि प्रो आवृत्तीत ती तेव्हा आपसूक सुरू असायची. त्याच वर्षी विंडोज ७ वाल्यांच्या कित्येक मशीनवर काही जीबींचं नवं विंडोज न मागता उतरलं आणि लपवलेल्या फोल्डरात जाऊन बसलं. होकाराआधीच रुखवत दारात!

चोर पकडायचा तर रिसोर्स मॉनिटरमध्ये नेटवर्कचा टॅब उघडावा. नाव सापडतं: 'एसव्हीसीहोस्ट'. म्हणजे दारावर एकच पाटी, आत विंडोजच्या सेवांची बिऱ्हाडं अनेक. नेमकं कोण खातंय ते पीआयडी नंबरवरून हुडकायचं. कनेक्शनवर 'मीटर्ड'ची खूण केली की अपडेटची भूक बरीच आवरते. पण ही खूण प्रत्येक नेटवर्कला वेगळी करावी लागते, आणि तोवर आपण पासवर्ड बदलल्याच्या रागात शेजाऱ्यानं अबोला धरलेला असतो, मुलानं आपला हॉटस्पॉट जोडून दिलेला असतो.