विसरलेला पैसा परत मिळवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत (निजामपुरा आवृत्ती)

आधी नीट विसरायला शिका. बहुतेक लोक इथेच कच्चे पडतात. पैसे बँकेत टाकले, सहा महिने लक्षात राहिले नाहीत, मग भाचीच्या लग्नात आठवले आणि जाऊन काढले, याला विसरणं म्हणत नाहीत. ही झाली बचत. विसरण्याचे नियम रिझर्व्ह बँकेने रीतसर घालून दिले आहेत. बचत खात्यावर दोन वर्षं तुम्ही स्वतःहून काहीच केलं नाहीत, की खातं निष्क्रिय होतं. तसंच नेटाने पुढे रेटलंत आणि दहा वर्षं भरली, की रक्कम बँकेतून उठून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाऊन बसते. ही सोय २०१४ पासून आहे. दरम्यान बँकेने व्याज जमा केलं तरी तुमच्या विसरण्याला बाधा येत नाही. पण मध्येच हौसेने दोनशे रुपये भरलेत, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

भिवंडीच्या निजामपुऱ्यात हे काम आपसूक होतं, कारण इथला पैसा कमावणारा माणूस इथे राहीलच असं नसतं. आझमगडहून नाहीतर करीमनगरहून आलेला कारागीर मागावर उभा राहिला, त्याने खातं काढलं, पत्त्याच्या रकान्यात 'अमुक कारखाना, निजामपुरा' लिहिलं आणि एका ईदेला किंवा पेरणीला गावी गेला तो गेलाच. पुढे माग भंगारात निघाले, कारखान्याच्या जागी इमारत उभी राहिली. बँकेने पाठवलेलं पत्र पोस्टमनने कुणाला द्यायचं? त्यात नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा बंद झाल्या. पंधरवड्याचा रोख पगार द्यायचा कसा, असा प्रश्न पडला आणि खातं काढून घ्या म्हणून कामगारांच्या मागे लागणं सुरू झालं. त्या वेळी काढलेलं जे खातं त्यानंतर कुणी हलवलंच नाही, त्याची दहा वर्षं २०२६ च्या अखेरीस भरायला लागतात. होतकरूंनी आत्तापासून तयारीला लागावं.

आपण एकटेच विसरभोळे आहोत, असा न्यूनगंड मात्र बाळगू नका. फेब्रुवारी २०२३ पर्यंत एकट्या सरकारी बँकांनी अशा ३५,०१२ कोटी रुपयांच्या ठेवी रिझर्व्ह बँकेकडे पोचवल्या होत्या, असं सरकारने संसदेत सांगितलं. खाती होती १०.२४ कोटी. भागाकार केला तर एका खात्यामागे साडेतीन हजारांच्या आतच रक्कम पडते. हा आकडा मनात ठेवा, पुढे लागणार आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अर्थमंत्र्यांनी 'आपकी पूंजी, आपका अधिकार' ही मोहीम सुरू केली, तेव्हा बँका, विमा, म्युच्युअल फंड, लाभांश असं सगळं धरून बेरीज १.८४ लाख कोटींवर गेली होती. राष्ट्रीय पातळीवरचं कार्य आहे हे.

आता शोध. रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' नावाचं पोर्टल ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालं. मोबाइल क्रमांकाने नोंदणी करायची, खातेदाराचं नाव घालायचं, बँक निवडायची आणि पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा जन्मतारीख यांतलं एखादं द्यायचं. रक्कम सापडली तर एक संदर्भ क्रमांक मिळतो. पैसा मिळत नाही. पैसा बँकेच्या शाखेतूनच घ्यायचा असतो, बँक तो तुम्हाला देते आणि मग निधीकडून वसूल करते. या कामासाठी दिल्लीहून फोन करून ओटीपी विचारणारे 'साहेब' जे असतात, ते कोणत्याच निधीत नोकरीला नसतात. पासबुकावरची बँक निवडायच्या यादीत दिसली नाही तर दचकू नका. देना बँक २०१९ साली बँक ऑफ बडोदात गेली, २०२० मध्ये सिंडिकेट कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत. पासबुक पतसंस्थेचं असेल तर मात्र हा सगळा परिच्छेद सोडून द्या. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तिच्या ठेवी त्या निधीत जात नाहीत आणि बँक ठेवींना असलेलं विमा संरक्षणही त्यांना नसतं. तिथे सहकार खात्याचं दार ठोठावायचं.

मग येतं खरं कसब: आपण आपणच आहोत हे सिद्ध करणं. पैसा शोधायला एक दुपार पुरते. स्वतःला सिद्ध करायला आयुष्याचा काही भाग राखून ठेवावा लागतो. मोहम्मद हे नाव इंग्रजीत पाच-सहा प्रकारे लिहितात, शिवाय दोन अक्षरांत आटोपणारेही आहेत. पासबुकावर एक, रेशनकार्डावर दुसरं, आधारवर तिसरं, आणि तिन्ही कागद त्या-त्या कारकुनाच्या मते बरोबर. तेलुगू घरांत आडनाव आधी येतं, तेही एका अक्षरात, मग आधार काढताना ते शेवटी जाऊन बसतं. दत्तात्रयांचीही सुटका नाही, त्यांचं एका कागदावर दत्तू झालेलं असतं. पत्त्यात निजामपूर, निजामपुरा आणि नुसतं भिवंडी अशी तीन गावं होतात. आणि मूळ कागद नगरपालिकेच्या काळातला असतो, जी २००१ मध्ये महानगरपालिका झाली.

काउंटरवरचा संवाद आधी घरी पाठ करून जावा.

"पासबुकावर एमडी आहे, आधारवर मोहम्मद. दोघं एकच कशावरून?"

"साहेब, मी समोर उभा आहे ना."

"ते दिसतंय मला, चाचा. कागद आणा."

कागद म्हणजे प्रतिज्ञापत्र, फारच फरक असेल तर राजपत्रात नाव छापून आणणं. मृत खातेदाराच्या वारसांसाठी बँक हमीपत्र मागते, ते स्टॅम्पवर लागतं. शंभराचा स्टॅम्प महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेवर गेला. वरचा साडेतीन हजारांचा आकडा आता काढा. त्यातून स्टॅम्प, नोटरी, झेरॉक्स, रिक्षा वजा करा आणि उरलेल्यावर आनंद माना. व्याजाचं म्हणाल, तर मूळ ठेव व्याजाची असल्यास निधीतल्या काळाचं व्याज मिळतं, मे २०२१ पासून वर्षाला ३ टक्के आणि तेही साधं. चक्रवाढीची अपेक्षा विसराळू माणसाने धरू नये.

न्यायाने सांगायचं तर बँकांवरही आता बंधनं आली आहेत. निष्क्रिय खातं पुन्हा सुरू करायला पैसे घेता येत नाहीत, आणि किमान शिल्लक नाही म्हणून त्यावर दंडही लावता येत नाही. मृताच्या खात्यावरचा दावा सगळे कागद मिळाल्यावर १५ दिवसांत निकाली काढा, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये बजावलं. यातला गमतीचा शब्द 'सगळे'.

घरातला पत्र्याचा पेटारा उघडायचा राहून गेला. तो उघडताना घरातली सर्वांत जुनी बाई शेजारी हवी, कारण 'मला काय माहीत' असं म्हणून झाल्यावर सगळं तिलाच माहीत असतं. कागदी शेअर निघाले तर नाक मुरडू नका. रिलायन्स टेक्स्टाइलने १९७७ साली लोकांना शेअर विकायला काढले, तेव्हा सुताच्या धंद्यातल्या कुणा आजोबांनी थोडे घेऊन ठेवले असतील तर ते आज चेष्टेचे राहिलेले नाहीत. सलग सात वर्षं लाभांश न उचलल्यास तो लाभांश आणि शेअरही केंद्राच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे (आयईपीएफ) जातात. परत मागायला आयईपीएफ-५ हा अर्ज आहे, पण आधी कंपनीकडून खात्री करून घ्यावी लागते. विम्याचे दहा वर्षं न मागितलेले पैसे ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातात. एक गोष्ट ध्यानात आली असेल: सरकारकडे तुमचा पैसा गेला, की बहुधा तुमचं शिक्षण तरी सुरू होतं नाहीतर कल्याण तरी.

राहिली उधारी. निजामपुऱ्यात सर्वांत जास्त पैसा अडकतो तो बँकेत नव्हे, ताग्यांत. ग्रे कापड उचललेला व्यापारी 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणतो, आणि तो आठवडा कॅलेंडरात सापडत नाही. कायदा इथे भलताच उदार आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत छोट्या उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ. तक्रार करायला सरकारी पोर्टलही आहे. तरी कारखानदार तक्रार करायला बिचकतो, कारण पुढचा माल त्याच पार्टीला द्यायचा असतो. पैसा पूर्णपणे लक्षात असूनही मागता न येणं हा या विद्येतला सर्वांत वरचा टप्पा आहे, त्याला आमच्याकडे मार्गदर्शन नाही.

ज्यांना मुलाबाळांना या अभ्यासक्रमात घालायचं नसेल, त्यांनी बँकेत जाऊन नॉमिनीचं नाव लावून टाकावं. नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नावं लावता येतात. आधारवर आहे तेच स्पेलिंग लिहा. निधीत गेलेल्या ठेवीवर दावा करायला शेवटची तारीख नाही, पण दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते.