मैलाच्या दगडास कारणे दाखवा

प्रति,
माननीय मैलाचे दगड महोदय,
राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४, साइडपट्टीच्या पलीकडे, डाव्या हाताला,
मु. पो. नागपूर ते कन्याकुमारी.

विषय : एकट्याने लांबचा प्रवास करणाऱ्या वाहनचालकांची अचूक आकड्यांनी दिशाभूल केल्याबाबत.

महोदय,

नागपूरहून निघून हिंगणघाट, आदिलाबाद, हैदराबाद, कर्नूल, अनंतपूर, बंगळूर, सेलम, मदुराई या क्रमाने कन्याकुमारीला पोहोचणारा सुमारे १७०० किलोमीटरचा रस्ता एकट्याने वाहन चालवत पार करणाऱ्या माणसाची टोलनाक्यावरचे कर्मचारी, ढाब्यावरची पोरे आणि टायरमध्ये हवा भरणारे यांच्याशी गाठ पडते ती क्षणभराची. दर किलोमीटरला न चुकता हजेरी लावणारे एकटे महोदयच असतात, आणि म्हणून विश्वासघात करण्याची सर्वांत जास्त संधीही महोदयांनाच मिळते. कुटुंबासह निघालेल्या गाडीत "किती राहिलं?" हा प्रश्न मागच्या सीटवरून दर वीस मिनिटांनी येतो आणि त्याला उत्तरे देण्यात चालकाचा निम्मा दिवस सरतो. एकट्या प्रवाशाला असे विचारणारे कोणी नसल्याने तो प्रश्न तोच महोदयांना विचारू लागतो, मागच्या आकड्यातून पुढचा आकडा वजा करून उत्तर एकच येते ना याची खात्री करून घेतो, आणि तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत या वजाबाकीलाच संभाषण समजू लागतो. प्रस्तुत पत्र त्या संभाषणातील दुसऱ्या पक्षाच्या वतीने सादर होत आहे.

प्रथम नावाचा प्रश्न. 'मैल' हे रोमन माप लॅटिन भाषेतील 'मिल्ले', म्हणजे हजार, या शब्दाशी जोडलेले असून डावे-उजवे मिळून एक अशी हजार दुहेरी पावले, असा त्याचा मूळ अर्थ होता. भारताने १९५६ च्या वजनमाप कायद्याने दशमान पद्धती स्वीकारली आणि पुढे रस्त्यांवरचे मैल टप्प्याटप्प्याने किलोमीटर झाले, तरी महोदय आपल्या कारकिर्दीची गेली साठेक वर्षे किलोमीटर दाखवूनही मैलाच्याच नावाने मान घेत आहेत. मराठीत तर महोदयांना अलंकारिक बढतीही मिळाली असून दर आठवड्याला एखाद्या पतसंस्थेची नवी शाखा किंवा एखाद्या मालिकेचा हजारावा भाग 'मैलाचा दगड' ठरत असतो. खऱ्या दगडाला मात्र दाव्याने बोकड बांधलेला असतो, याबद्दल महोदयांनी आजवर निषेध नोंदवल्याचे आढळत नाही.

महोदयांच्या घराण्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो वंशजाच्या कर्तबगारीबद्दल. सम्राट अशोकाने रस्त्याकडेला वड लावल्याचे आणि ठरावीक अंतरांवर विहिरी खोदवल्याचे आपल्या सातव्या स्तंभलेखात नोंदवले आहे. तेथील अंतरवाचक शब्दाचा अर्थ आठ कोस घ्यावा की अर्धा कोस, यावर अभ्यासकांचे एकमत नाही, आणि तहानलेल्या वाटसरूच्या दृष्टीने हा मतभेद किरकोळ नव्हे. मोगलकाळात आग्रा, दिल्ली, लाहोर या वाटेवर उभे राहिलेले कोस मिनार, म्हणजे कोसाकोसावर अंतराची खूण म्हणून बांधलेले विटा-चुन्याचे मनोरे, सुमारे ३० फूट उंच असून त्यांतला एक आज दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात, वाट हरवलेल्या पाहुण्यासारखा, उभा आहे. मुंबईत एकोणिसाव्या शतकात फोर्टातील सेंट थॉमस चर्चपासून अंतर मोजून रोमन आकडे कोरलेले दगड बसवले गेले, आणि पुढे रस्ता डांबराच्या थरांनी वर चढत गेला तसे त्यांतले काही गळ्यापर्यंत पुरले गेले. नागपूरच्या 'झिरो माइल' स्तंभाची कथा याहून बोलकी आहे. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कामातील १९०७ सालची ही तलचिन्ह म्हणून उभारलेली खूण, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची जेथे निश्चित केलेली असते असा संदर्भबिंदू. पण लोकांनी तिला भारताचा मध्यबिंदू करून टाकले, आणि हाच मान मध्य प्रदेशातील करौंदी हे गावही सांगत असल्याने देशाला सध्या दोन मध्यबिंदू आहेत. घराण्यातील वडीलधाऱ्यांनी उंची सांगितली, तर लोकांनी त्यातून अभिमान ऐकला. तेव्हा धाकट्यांनी अंतर सांगितले आणि प्रवाशाने त्यातून आपला ठावठिकाणा ऐकला, यात नवल नाही.

अंतर आणि ठावठिकाणा यांची ही गल्लत हाच या तक्रारीचा गाभा होय. पिवळा माथा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग आणि हिरवा म्हणजे राज्य महामार्ग, हा महोदयांचा गणवेश सर्वपरिचित आहे. मात्र हा रस्ता २०१० पर्यंत वाराणसी ते कन्याकुमारी धावणाऱ्या क्रमांक ७ चा भाग होता आणि त्या वर्षीच्या फेरआखणीत, उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम व पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम अंक देण्याच्या नव्या नियमानुसार, तो श्रीनगरपासून निघणाऱ्या ४४ मध्ये सामील झाला. दगड तेथेच, गावे तीच, पण रस्त्याचा उगम रात्रीतून गंगेच्या घाटावरून झेलमच्या काठी गेला. एखाद्या दगडाचा तैलरंग पापुद्रा सुटून निघाला की ४४ च्या खालून जुना ७ डोकावतो, आणि महोदयांनी या दोन आकड्यांपैकी नेमक्या कोणत्या निष्ठेने सेवा केली हा प्रश्न उरतो.

त्यात बाह्यवळण मार्ग, म्हणजे गावाच्या पोटातून न जाता त्याला बाहेरून वळसा घालणारा रस्ता, सर्वत्र झाल्यापासून महोदय ज्या गावांची अंतरे सांगतात त्या गावांत हा रस्ता जातच नाही. 'कामारेड्डी १२' असे वाचून पुढे गेलेल्या प्रवाशाला बारा किलोमीटरनंतर एक उड्डाणपूल, दुभाजकातली कण्हेर आणि उतारावर मागे पडलेला एक फाटा भेटतो; गाव भेटत नाही. अपरिचित प्रदेश पाहण्यासाठी घराबाहेर पडलेल्या माणसाला नागपूरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच कण्हेर दिसत राहावी, याची जबाबदारी एकट्या महोदयांवर टाकता येणार नाही, हे मान्य. तथापि हजर राहून मौन बाळगणे हीदेखील सेवाशर्तींत बसणारी गोष्ट नव्हे.

सर्वांत गंभीर आरोप लिपीचा आहे. पैनगंगेच्या पुलावर मराठी माणूस साक्षर म्हणून चढतो आणि निरक्षर म्हणून उतरतो. पलीकडे दगडावर वळणदार तेलुगू अक्षरे सुरू होतात, त्यांतल्या बहुतेकांच्या डोक्यावर बरोबरच्या खुणेसारखा छोटा फराटा असतो, आणि पदव्या, पुस्तके व शुद्धलेखनाविषयीची ठाम मते बाळगणारा गृहस्थ आकडा तेवढा ओळखतो. पुढे बागेपल्लीपाशी कर्नाटक लागते, तेव्हा तो फराटा आडवा होऊन कन्नड झालेला असतो. या दोन लिपी सख्ख्या बहिणी असल्याने फरक कळायला एका दिवसाचा अभ्यास लागतो, आणि तो कळू लागावा तोच होसूरला तमिळ सुरू होते. या लिपीत क, ख, ग, घ या चौघांचे काम एकच अक्षर सांभाळत असल्याने नवख्याचा उरलासुरला धीरही सुटतो. बंगाली समाजसुधारक ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी आपल्या अपूर्ण आत्मचरित्रात सांगितलेली हकीकत येथे आठवते. बीरसिंह या गावाहून वडिलांबरोबर कलकत्त्याला पायी जाताना या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे दगड प्रथम मसाला वाटण्याचे पाटे वाटले. मग खुलासा झाल्यावर त्यांवरचे इंग्रजी अंक तो चालता चालता शिकला, आणि परीक्षा घेण्यासाठी सहावा दगड मुद्दाम चुकवून पाचव्यापाशी त्याला थांबवले असता, हा सहावा असायला हवा, चुकून पाच कोरले आहेत, असे त्याने सांगितले. महोदयांच्या घराण्याचे एवढे कडक लेखापरीक्षण पुन्हा झालेले दिसत नाही. फरक इतकाच की तेव्हा दगडांनी एका मुलाला अक्षरओळख करून दिली आणि आता ते प्रौढांची काढून घेतात.

याही पुढे जाऊन महोदयांनी केलेला अपराध असा की लिपी जेथे बदलते तेथे भाषाही बदलते, असा समज ते पसरवतात. वस्तुतः आदिलाबादच्या बसस्थानकाबाहेर चहाच्या टपरीवर उभे राहिले तर मराठी कानावर पडते. त्या जिल्ह्यात मराठी बोलणारे मोठ्या संख्येने आहेत, आणि याच आदिलाबादचे किनवट व राजुरा हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तेव्हाच्या मुंबई राज्याकडे आले असल्याने सीमा सरकली ती माणसांवरून, माणसे सरकली नाहीत. बागेपल्लीत दगड कन्नड झाला तरी घराघरांत तेलुगू चालू असते. होसूरमध्ये दगड तमिळ बोलतो आणि बाजार तेलुगू व कन्नडही बोलतो. टपरीवाला गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे आणि गाडीच्या नंबरपाटीकडे एकदा पाहतो, काचेच्या पेल्यात चहा ओतताना आपली भाषा बदलतो, आणि सुटे पैसे परत देताना पुन्हा मूळ भाषेत येऊन शेजाऱ्याशी भांडण पुढे चालू करतो. भाषेची ही सीमा मीटरमध्ये मोजता येत नाही, म्हणून ती महोदयांच्या कक्षेबाहेर राहते, आणि एकटा प्रवासी, ज्याला गाडीत बोलायला कोणी नसल्याने वाचण्याचीच सवय लागलेली असते, तो पुलावरच परका होऊन बसतो. त्याचे परकेपण खरे म्हणजे पुढे कधीतरी, जेवणाच्या पानात ताक शेवटी येऊ लागल्यावर, किंवा पितळी वाटीत वरून ओतत फेसाळलेली कॉफी समोर आल्यावर, हळूहळू सुरू व्हायला हवे होते.

नद्यांबाबतही महोदय कोरडेच आहेत. श्रीरामसागर धरणाच्या खालच्या अंगाला सोअनजवळ हा रस्ता गोदावरी ओलांडतो, बीचुपल्लीला कृष्णा आणि कर्नूलला तुंगभद्रा, नामक्कलच्या पुढे कावेरी. त्र्यंबकेश्वरी ओंजळीत मावणारी आणि महाबळेश्वरी गोमुखातून पडणारी या दोन्ही माहेरवाशिणी येथे एवढ्या अंगाने भरलेल्या भेटतात की ओळख पटायला पुलावरची पाटी वाचावी लागते. महोदय त्या क्षणीही पुढच्या जिल्ह्याच्या ठिकाणाचे अंतर सांगत असतात. अनंतपूरचे पठार हा देशातील अत्यंत कमी पावसाच्या मुलखांपैकी एक. तेथील भुईमुगाच्या शेतांमधला सरळ किलोमीटर आणि धर्मपुरी-सेलमदरम्यानच्या, अपघातांसाठी कुप्रसिद्ध असलेल्या तोप्पूर घाटाच्या उतारावर ट्रकांच्या रांगेमागून गिअर पाडत उतरलेला किलोमीटर, हे दोन्ही महोदयांच्या हिशेबी सारखेच आहेत.

मराठी प्रवाशाला या रस्त्यावर बसणारा सर्वांत अनपेक्षित धक्का मात्र सेलम-नामक्कलच्या पट्ट्यात बसतो. मराठवाड्यातील कोणत्याही गावात एप्रिल-मे महिन्यांत रात्रभर धडधडत उभी असणारी बोअरची गाडी, तिच्या पाठीवर रचलेले लोखंडी पाइप, बाजूला लिहिलेली तमिळ अक्षरे, आणि भोकातून उसळून आसपासच्या अंगणांवर बसणारी राखाडी भुकटी, हे दृश्य त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. या गाड्या येतात कोठून हे त्याने कधी विचारलेले नसते. महामार्गाच्या पश्चिमेला थोडे आत असलेले तिरुचेंगोडे हे त्या गाड्यांचे मोठे माहेरघर आहे. तेथील माणसे, ज्यांना मराठी वाचता येत नाही, लातूर-बीडच्या आडगावांपर्यंत खडक फोडत पोहोचली आहेत, आणि तेही महोदयांच्याच भरवशावर. महोदयांच्या जातभाईंना भोके पाडणे हा ज्यांचा व्यवसाय, त्यांनाही वाट दाखवली, एवढा मोठेपणा येथे नोंदवणे भाग आहे.

महोदयांच्या बाजूने आणखी एक मुद्दा मांडायला हवा. २०१७ साली तमिळनाडूत कृष्णगिरी आणि वेल्लोर भागातील महामार्गांवर काही दगडांवरील इंग्रजी नावे पुसून हिंदी लिहिली गेली, तेव्हा राज्यातील पक्षांनी त्यास जोरदार विरोध केला आणि महोदयांना नकळत राजकारणात ओढले गेले. नावांवरून एवढा गदारोळ झाला तरी आकड्यांवरून कोणी चकार शब्द काढला नाही, याचे कारण ते अंक कोणाचेच नाहीत आणि सर्वांचे आहेत. संविधानाच्या अनुच्छेद ३४३ मध्ये संघाच्या राजभाषेसाठी हिंदी व देवनागरी लिपी ठरवताना अंकांपुरते मात्र 'भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप' असे म्हटले आहे. म्हणजे येथून निघून अरबांमार्फत युरोपात गेलेले आणि तेथून पोशाख बदलून परतलेले हे अंक होत. पैनगंगेपलीकडे निरक्षर झालेल्या गृहस्थाची अब्रू सुमारे १५०० किलोमीटर एवढ्या दहा चिन्हांनी राखली, ही बाब चौकशी अधिकाऱ्याने विचारात घ्यावी.

कन्याकुमारीला आकडा संपतो. समोर पाण्यात १९७० साली पूर्ण झालेले विवेकानंद शिलास्मारक असते. ते उभारण्यासाठी झटलेले एकनाथ रानडे अमरावती जिल्ह्यातील टिमटाळ्याचे. शेजारच्या खडकावर २००० साली उभा राहिलेला तमिळ कवी तिरुवळ्ळुवर यांचा १३३ फुटांचा पुतळा असतो, आणि किनाऱ्यावर शंखशिंपल्यांची दुकाने असतात, ज्यांत प्रवाशाचा चेहरा पाहून मराठीत भाव सांगितला जातो. महोदय तेथे नसतात. पाच दिवसांची सोबत अशी शून्यावर आणून सोडण्याचे कारण महोदयांनी लेखी कळवावे. खुलासा परतीच्या वाटेवर, उलट क्रमाने, स्वीकारला जाईल.

कळावे.

एका एकट्या प्रवाशाच्या वतीने.

प्रत माहितीस्तव : दर दोनशे मीटरवर उभे असलेले, कोणीही न वाचलेले, सर्व धाकटे दगड.