झाकणाचं उद्घाटन होत नाही

5 नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागरूकता दिन. त्या निमित्ताने जपानने 2016 साली कोची प्रांतातल्या कुरोशिओ गावात 30 देशांतली शाळकरी मुलं जमवली आणि आपत्ती येण्याआधी काय करावं यावर त्यांना बोलतं केलं. पुढच्या वर्षांत ओकिनावा, वाकायामा, होक्काइदो असा हा मेळा फिरत राहिला. अशा परिषदेला आपल्या नगर जिल्ह्यातलं एखादं पोर निवडलं गेलं, तर पुढचा कार्यक्रम ठरलेला आहे. आधी सत्कार, मग फ्लेक्स. फ्लेक्सवर पोराचा फोटो पासपोर्ट आकाराचा आणि संस्थाचालकांचा पुरुषभर उंचीचा. मग मार्गदर्शक शिक्षकांच्या नावावरून दोन दिवस रुसवेफुगवे, आणि शेवटी कुणाला तरी आठवतं की पोराला तिकडे जाऊन काहीतरी बोलायचंही आहे. नगरला समुद्र नाही, त्सुनामी नाही, भूकंपाच्या नकाशातही आपण मागच्या बाकावर. मग हा बोलणार काय? काळजी नसावी. या विषयावर नगरच्या पोराकडे जेवढा ऐवज आहे, तेवढा कुरोशिओच्या महापौरांकडेही नसेल. प्रश्न उलटाच आहे. हे पोर तिकडून असं काय शिकून येणार, जे आपल्याला इथे आधीपासून पाठ नाही?

बोअरवेलचं घ्या. जुलै 2006 मध्ये हरियाणातल्या कुरुक्षेत्राजवळ एक लहान मुलगा बोअरमध्ये पडला आणि तो जिवंत बाहेर येईपर्यंत सगळा देश टीव्हीसमोर बसून होता. अशा घटना थांबेनात, तेव्हा 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियमच घालून दिले. बोअर घेण्याआधी 15 दिवस लेखी कळवायचं, कामाच्या जागी फलक आणि काटेरी तार लावायची, केसिंग पाइपाभोवती सिमेंटचा ओटा बांधायचा, तोही 0.30 मीटर जमिनीच्या वर आणि 0.30 मीटर खाली. पाइपाच्या तोंडावर घट्ट झाकण. बोअर कोरडी गेली तर माती, वाळू, दगडगोटे टाकून तळापासून जमिनीपर्यंत भरून घ्यायची. देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने सेंटिमीटरमध्ये मोजून दिलेला हा ओटा आहे. यापेक्षा अधिक ज्ञान जपानने द्यायचं म्हटलं तरी ते कुठे ठेवायचं? आणि मार्च 2023 मध्ये कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत, मध्य प्रदेशातून पोटासाठी आलेल्या मजूर कुटुंबातला पाच वर्षांचा मुलगा उघड्या बोअरमध्ये पडला. एनडीआरएफची पथकं आली, यंत्रं आली, रात्रीपर्यंत खोदकाम चाललं. मूल हाती लागलं ते गेलेलं. नियम होऊन तेव्हा 13 वर्षं झाली होती.

पुढच्याच वर्षी, 9 एप्रिल 2024 ला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी नेवासे तालुक्यातल्या वाकडीत बायोगॅसची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, त्याच्यासाठी तिसरा. पाच माणसं गेली. या माणसांना कुणी अडाणी म्हणू नये. आपलं माणूस डोळ्यांदेखत बुडत असताना काठावर उभं राहणं हे शिकवावं लागतं, ते आतून येत नाही. कुजणाऱ्या शेणात प्राणवायू उरत नाही, तिथे साचणाऱ्या वायूने दोन श्वासांत शुद्ध हरपते, हे विज्ञानाच्या पुस्तकात आहे; पण ‘आत उतरू नका, दोर टाका, आधी फोन करा’ ही तीन वाक्यं गावात कोण कुणाला सांगतो? नंतर दीडच महिन्याने, मे 2024 मध्ये, अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्या तरुणाला शोधायला राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्याहून आली आणि तिचीच बोट उलटली. दलाचे तीन जवान बुडाले. वाचवणारेच बुडतात, तेव्हा वाचवण्याच्या आधीचा टप्पा किती पोकळ आहे हे कळायला परिषद भरवावी लागत नाही.

ही झाली शिवारं, रानं, नदीपात्रं. तिथे सरकारची नजर पोचत नाही अशी पळवाट निघू शकते, म्हणून सरकारच्याच छताखाली येऊ. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून 10 नवजात बाळं गेली. राज्यभरच्या रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासणी करण्याचे आदेश निघाले. एप्रिलमध्ये विरारला एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली, पुन्हा आदेश निघाले. आणि 6 नोव्हेंबरला, भाऊबीजेच्या दिवशी, नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली. 11 रुग्ण गेले. त्सुनामी दिनाला तेव्हा जेमतेम एक दिवस उलटला होता. तपासणीत सुचवलेली कामं पैशांअभावी राहून गेली, अशा बातम्या मग छापून आल्या. महाराष्ट्रात 2006 चा आग प्रतिबंधक कायदा आहे. इमारतीची यंत्रणा चालू आहे असं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. म्हणजे कायदा होता, आदेश होता, त्याच वर्षातली दोन उदाहरणं होती. आगीनंतर पैसे मात्र लगेच मंजूर झाले: मृतांच्या नातेवाइकांना प्रत्येकी 5 लाख. शोकसंदेशांना कधी निधी कमी पडल्याचं ऐकिवात नाही.

तर मुद्दा असा की आपल्याकडे ज्ञानाची टंचाई नाही. न घडलेल्या गोष्टीसाठी फॉर्म नाही, ही आपली खरी टंचाई आहे. घडलेल्याची मोजणी आपण सराफाच्या तराजूने करतो. पीक बुडालं की पैसेवारी निघते, ती 50 पैशांच्या खाली आली की सवलतींचं दार उघडतं. गुरं, घरं, खरडून गेलेली माती, सगळ्याचा पंचनामा होतो. पण झाकण बसवलं म्हणून जे मूल पडलंच नाही, त्याचा पंचनामा कोण करणार? ते मूल शाळेत जातं, गृहपाठ चुकवतं आणि कुणाच्याच वार्षिक अहवालात येत नाही. छावणीचं उद्घाटन होतं, टँकरला हिरवा झेंडा दाखवता येतो, मदतीच्या धनादेशासोबत फोटो काढता येतो. बोअरच्या झाकणाला फीत बांधून कापणारा पुढारी अजून जन्माला यायचा आहे. हा दोष एकट्या गल्लीचा मानू नका. दिल्लीनेही हिशेब असाच मांडला आहे. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात दोन निधी सांगितले होते, एक आपत्ती आल्यावर खर्च करायचा, दुसरा ती येऊ नये म्हणून. पहिला आधी उभा राहिला. राष्ट्रीय पातळीवरचा दुसरा स्थापन व्हायला 2021 उजाडलं. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांसाठी वाटणी केली तीही अशी: 80 टक्के आपत्ती प्रतिसाद निधीला, 20 टक्के ती टाळायला. एवढं तरी मिळालं म्हणून आयोगाचे आभारच मानायला हवेत, कारण आधीच्या आयोगांच्या वाटणीत टाळण्याच्या नावाने स्वतंत्र खातंच नव्हतं.

यावर कुणी म्हणेल, म्हणूनच पोरांना बाहेर पाठवा; बघतील, शिकतील, आल्यावर बदल घडवतील. आक्षेप वजनदार आहे आणि जपानकडून शिकण्यासारखं खरोखर आहे. फक्त आपण तिथून नेमकं काय उचलतो ते पाहू. त्सुनामी दिनामागची गोष्ट हामागुची गोर्यो यांची. 1854 मध्ये त्यांच्या गावावर लाट आली, तेव्हा त्यांनी भाताच्या पेंढ्या पेटवल्या आणि त्या उजेडात अंधारातली माणसं उंचावर पोचली. गोष्ट सुंदर आहे, नाटिका बसवायला तर फारच सोयीची. आपल्या स्नेहसंमेलनात ती हमखास बक्षीस घेईल. पण याच गृहस्थांनी पुढची चार वर्षं खर्चून, बऱ्याच अंशी स्वतःच्या पैशांनी, समुद्राच्या बाजूने सुमारे 600 मीटर लांबीचा बांध घातला. लाटेने पोटापाण्याला मुकलेल्या गावकऱ्यांनाच त्यावर मजुरी दिली. बहात्तरच्या दुष्काळात नालाबांधाची माती वाहिलेल्या आपल्या पिढीला हे वेगळं समजावून सांगायला नको. ही सरळ रोजगार हमीच होती. 1946 ला पुन्हा त्सुनामी आली आणि त्या बांधाने गावाचा मोठा भाग वाचवला. पेंढ्या एका रात्रीत जळून गेल्या, बांध 88 वर्षांनी कामाला आला. कुरोशिओचंही तेच. 2012 मध्ये सरकारने या गावाला सांगितलं की तुमच्याकडे 34 मीटर उंचीची लाट येऊ शकते, साऱ्या देशात सर्वांत मोठी. गावाने निवाऱ्याचे मनोरे बांधले, आपत्तीत उपयोगी पडणारं डबाबंद अन्न बनवण्याचा कारखाना काढला आणि त्या डब्यांच्या नावातच हा 34 चा आकडा घातला. आपलं शिष्टमंडळ मनोऱ्यापुढे फोटो काढेल, डबा आठवण म्हणून आणेल. गावाने कोणत्या सभेत हे ठरवलं, पैसे कोणत्या खात्यातून आले, एवढं विचारून आलं तर विमानाचं भाडं फिटलं म्हणायचं.

दुसरा आक्षेप नेहमीचा: ते जपानी आहेत, आपल्याला जमणार नाही. याला उत्तर द्यायला नगर शहरापासून अर्ध्या तासाचा रस्ता पुरतो. हिवरे बाजार पर्जन्यछायेतलं गाव, पाऊस 400 मिलिमीटरच्या आसपास. 1990 च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले, चर खणले, बांध घातले. पण गाव वाचलं ते त्यानंतरच्या कंटाळवाण्या कामांनी. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. किती पाऊस पडला, किती मुरला, त्यावर कोणतं पीक घ्यायचं, याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेत. दुष्काळ ही जिल्ह्याची पिढीजात आपत्ती आणि ती टाळण्याची सर्वांत नामांकित पाठशाळा याच जिल्ह्यात. राज्यभरातून बसगाड्या तिथे जातात. तरी 2012-13 आणि 2018-19 ला चारा छावण्या मांडायची वेळ आली, तेव्हा नगर जिल्हा पहिल्या रांगेत होताच. शेजारच्या गावांनी हिवरे बाजारकडून सहल तेवढी उचलली, उसावरची बंदी तिथेच ठेवून आले. उसाबद्दल या जिल्ह्यात फार बोलू नये असा संकेत आहे, म्हणून इथेच थांबतो.

तिसरा आक्षेप प्रशासनाचा, आणि तो प्रामाणिक असतो: क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, 14 तालुके, विहिरी-बोअरना गणती नाही, माणसं कमी, कुणाकुणाच्या रानात जाऊन बघायचं? पण 2021 पासून याच जिल्ह्यातला शेतकरी ई-पीक पाहणीत स्वतःच्या मोबाइलवर पिकाचा फोटो काढून सरकारला पाठवतो आहे. सोयाबीन उभं आहे की नाही हे बांधावरून कळतं, तर त्याच बांधावरच्या पाइपाला झाकण आहे की नाही हेही कळेल. त्या ॲपमध्ये एक रकाना वाढवायला ना वित्त आयोग लागतो ना जपान. ज्या अहिल्यादेवींचं नाव आता जिल्ह्याला आहे, त्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. त्यांनी विहिरी आणि घाट बांधले, आणि घाट म्हणजे पाण्यापर्यंत पाय न घसरता जाण्याची सोय. नावाच्या पाट्या आपण बदलून घेतल्या. काठांचं काम राहिलं आहे.

म्हणून परिषदेला निघालेल्या पोराचा सत्कार जरूर करा, पण पासपोर्ट हातात देण्याआधी त्याच्याकडून एक यादी घ्या. 13 ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय आपत्ती धोका निवारण दिन. शाळांनी त्या दिवशी निबंध आणि रांगोळी यंदापुरती माफ करावी. मोठी माणसं सोबत देऊन मुलांना आपल्याच शिवारात न्यावं आणि उघडी बोअर, बिनकठड्याची विहीर, न झाकलेला स्लरीचा खड्डा गट नंबरासह लिहून घ्यावा. ती यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचावी, इतिवृत्तात घ्यावी आणि पुढच्या सभेत तीच पुन्हा काढावी. वाचकहो, तुमच्या रानात बंद पडलेली बोअर असेल, तर तिच्यासाठी ऑक्टोबरची वाट बघू नका.