उलाळ गाडी

नवी मुंबईत ट्रेलर म्हटलं की डोळ्यांसमोर जेएनपीटी बंदराचा कंटेनर येतो. परवा सायन-पनवेल महामार्गावर, तुर्भ्याजवळ, दिसला तो वेगळाच. छोट्या हॅचबॅकच्या मागे दोन चाकांचा, वेल्डिंग करून घेतलेला ट्रेलर. पुढे खुर्च्यांची चळत, मागे केटरिंगची पातेली आणि लोखंडी शेगड्या. ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलत होता. त्याला मागे एकही दिवा नव्हता आणि गाडीचे स्वतःचे दिवे त्याच्या आड गडप झाले होते.

पुढच्या पेट्रोल पंपावर मालकाला गाठलं. तो म्हणाला, "ओढते की आरामात!"

ओढणारच. सपाट रस्त्यावर इंजिन तक्रार करत नाही. प्रश्न थांबण्याचा आहे. गाडीचे ब्रेक तिचं वजन आणि आतली चार-पाच माणसं धरून बनवलेले असतात. मागे चारशे किलो जोडले, त्यांना स्वतःचे ब्रेक नसले, तर ब्रेक दाबताच ते चारशे किलो गाडीला मागून ढकलतात. चाळीसचा वेग ऐंशी झाला की ब्रेक लागल्यापासून थांबायला साधारण चौपट अंतर लागतं, पावसात आणखी. जर्मनीत ऑटोबानच्या बऱ्याच भागांवर नुसत्या कारला वेगमर्यादा नाही, पण त्याच कारला ट्रेलर जोडला की खास परवानगी नसेल तर ताशी 80 किलोमीटर. वेगाची हौस असलेल्या देशाने हे उगाच ठरवलेलं नाही.

बैलगाडी भरणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नसे. ओझं मागे गेलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलाच्या गळ्याला ताण बसतो. फार पुढे आलं की धुरजड, बैलाची मान दबते. म्हणून ओझं चाकावर आणि थोडं पुढे. कारचंही तेच. ट्रेलर उलाळ झाला की त्याला गाडीशी जोडणारा आकडा कारची मागची बाजू उचलतो, मागच्या चाकांची पकड सुटते आणि शेपटी हलू लागते. शंभर किलोमागे साधारण दहा किलो आकड्यावर पडले पाहिजेत. तरीही हलायला लागलीच, तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. घाबरून करकचून ब्रेक मारू नका.

आकडा तर बंपरला वेल्ड केलेला होता. धक्का शोषायला असलेल्या बंपरवर ओढण्याचा सगळा ताण! आकडा चॅसीला बोल्टने बसवायचा आणि शेजारी साखळी हवी, म्हणजे तो निसटला तरी ट्रेलर सुटा पळणार नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार ट्रेलरलाही वेगळी नोंदणी लागते, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरवर दिसावा लागतो. या ट्रेलरवर एमएच-43 नाही, एमएच-46 नाही, काहीच नव्हतं.

तरी ट्रेलर जप्त करून टाका असं मी म्हणणार नाही. दर ऑर्डरला टेम्पोचं भाडं वाचतं, तेच त्या माणसाचं भांडवल आहे. राज्याने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, सुट्टीला निघालेल्या चाकावरच्या घराचा विचार केला. पोटासाठी पातेली ओढणाऱ्याचाही करा. छोट्या ट्रेलरचा एक साधा, पास झालेला नमुना आरटीओने फॅब्रिकेटरच्या हाती द्यावा: साखळी, दिवे, नंबरप्लेट, किती किलो ते पत्र्यावर रंगवलेलं. आणि मालकाने आधी गाडीचं माहितीपुस्तक उघडावं. ट्रेलर ओढू नका, असं काही छोट्या गाड्यांच्या पुस्तकात स्पष्ट छापलेलं असतं. तसं असेल तर तिथेच थांबावं.

पंपावर आम्ही दोघांनी मिळून शेगड्या मागून काढून चाकावर आणल्या, खुर्च्या मागे टाकल्या. तो निघाला तेव्हा शेपटी हलत नव्हती. मागचा दिवा मात्र नव्हताच, आणि अंधार पडायला लागला होता.