तेरा लाखांचा ठिपका

पालघर जिल्ह्यात ‘सरासरी तालुका’ नावाचा एक तालुका आहे. लोकसंख्या ३ लाख ७४ हजार. तिथे एसटी जात नाही, तिथला तहसीलदार कुणी पाहिलेला नाही. पण जिल्ह्याचा आकडा आठने भागला की तो हजर.

खरे तालुके बघा. आकडे २०११च्या जनगणनेचे; २०२१ची झालीच नाही, त्यामुळे सरकारदरबारी आपण कुणीच वाढलेलो नाही. मोखाडा ८३ हजार, विक्रमगड १.३८ लाख, जव्हार १.४० लाख, तलासरी १.५५ लाख, वाडा १.७८ लाख, डहाणू ४.०२ लाख, पालघर ५.५० लाख. आणि मग आमची वसई : १३.४३ लाख! वाडा आणि डहाणू यांच्यामध्ये भलीमोठी मोकळी जागा आहे. सरासरी नेमकी तिथे जाऊन बसते, जिथे एकही तालुका नाही.

मध्यक बिचारा रांगेतल्या मधल्या दोघांना विचारून येतो : १.६७ लाख. वसई यादीतून काढून बघा. सरासरी धाडकन २.३५ लाखांवर येते, मध्यक जेमतेम १.५५ लाखांवर सरकतो. विरार-नालासोपाऱ्यात टॉवर कितीही उठोत, त्याला सोयरसुतक नाही.

आता यांचाच बॉक्स प्लॉट काढा, म्हणजे रांगेतला मधला निम्मा भाग चौकटीत दाखवणारं चित्र. जॉन टुकी या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाची ही देणगी. चौकटीतली आडवी रेघ म्हणजे मध्यक. दहापैकी नऊ जण तिला सरासरी समजतात आणि बाकीचा एक सादरीकरण करत असतो. सरासरी दाखवायची तर वेगळी खूण लागते. एक्सेल त्यासाठी फुली मारतो. आपल्या चित्रात रेघ चौकटीच्या तळाला चिकटलेली आणि फुली खूप वर. त्या दोघींमधलं अंतर हीच खरी बातमी, पण तिच्यावर कुणी बोट ठेवत नाही.

आणि वसई? टुकीचा नियम असा की चौकटीच्या उंचीच्या दीडपटीपेक्षा जास्त वर गेलेल्याला चौकटीबाहेर ठिपका म्हणून बसवायचं. वसई बसते ठिपक्यात! जिल्ह्याची ४५ टक्के माणसं, वसई, विरार, नालासोपारा आणि नायगावच्या फलाटांवरच्या गर्दीसकट, एका टिंबात. विरार लोकलने रोज जाणाऱ्यांना याचं नवल वाटणार नाही म्हणा. पण काही हुशार लोक असा ठिपका ‘अपवाद’ म्हणून पुसूनही टाकतात.

तेव्हा मध्यकाची आरती ओवाळायला घेतलेल्यांनीही जरा थांबावं. १.६७ लाखांना आठने गुणा. येतात १३.३६ लाख, म्हणजे एकट्या वसईलाही पुरत नाहीत! धान्य, लसी, पाणी मागवायचं असेल तर सरासरीच हवी, कारण तिला संख्येने गुणलं की एकूण बेरीज परत मिळते. जिल्ह्यातला तालुका साधारण केवढा असतो, हे जाणायचं असेल तर मध्यक.

त्याआधी आणखी एक प्रश्न, जो सहसा कुणी विचारत नाही : रांगेत उभं कुणाला केलंय, तालुक्यांना की माणसांना? तालुक्यांच्या रांगेत मोखाड्याला एक जागा आणि वसईलाही एकच. त्याऐवजी २९ लाख ९० हजार माणसं आपापल्या तालुक्याच्या आकाराप्रमाणे ओळीत उभी करा. बरोब्बर मधला माणूस पालघर तालुक्यातला निघतो, साडेपाच लाखांच्या वस्तीतला. जिल्हा तोच, जनगणना तीच, आणि ‘मधला’ तालुका १.६७ लाखांवरून साडेपाच लाखांचा झाला.

१ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून वेगळा झालेला हा जिल्हा एका आकड्यात मावणारा नाहीच. पुढच्या वेळी कुणी पालघरची सरासरी सांगितली, मग ती उत्पन्नाची असो की डॉक्टरांची, तर आठही तालुक्यांचे आकडे मागा. ते आठच आहेत, एका कागदावर मावतात.