खुर्ची वर, माणूस खाली

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. पहिलीपासून ते आलं २००० साली. तोवर आमची पिढी हातची गेली होती. साताऱ्याच्या शाळेत आम्ही नेचरला ‘ना-टु-रे’ आणि फ्युचरला ‘फु-टु-रे’ म्हणत स्पेलिंग पाठ केली. बुधवारचं ‘वेड-नेस-डे’ लगेच बसलं, त्यात निदान एक शब्द मराठी होता. उच्चाराचं कुणाला पडलं नव्हतं, परीक्षा लेखी असायची.

घोटाळा व्हायचा ओळीच्या शेवटी. एकदा ‘नॉलेज’ मावेना, म्हणून मी के-एन-ओ-डब्ल्यू लिहून आडवी रेघ दिली आणि उरलेलं शेपूट खालच्या ओळीत ढकललं. सरांनी अर्धा मार्क कापला. या रेघेला आपल्या व्याकरणात संयोगचिन्ह म्हणतात. काम तोडायचं आणि नाव संयोगाचं! पुढं कळलं, की इंग्रज शब्दाचं मूळ बघून तोडतात, म्हणून त्यांचा ‘नो’ अखंड राहतो. अमेरिकन कानाला विचारतात, म्हणून त्यांचा एलही वरच्या ओळीत जातो. म्हणजे मी लंडनला पास आणि साताऱ्यात नापास. तो अर्धा मार्क अजून येणं आहे.

एका दमात उच्चारला जाणारा शब्द तोडायचाच नाही, असाही नियम आहे. त्यामुळं ‘स्कूल’ तुटत नाही. आमचं ‘इस्कूल’ मात्र मधोमध तुटायचं. ‘प्रेझेंट’ हजेरीतला असला तर एका जागी तुटतो, बहाल करायचा असला तर दुसऱ्या. फ्रँक लियांग यांनी १९८३ साली स्टॅनफर्डला याच विषयावर प्रबंध लिहिला. टेक नावाच्या अक्षरजुळणीच्या प्रणालीला त्यांच्या पद्धतीनं ४४४७ नमुने मिळाले, तरी १४ शब्दांची वेगळी यादी ठेवावी लागली. त्यात ‘टेबल’ आहे. जिथं टेबल ऐकेना, तिथं पाचवी ‘ब’ची काय कथा!

सुट्टीत मी सांगलीला मामाकडं जायचो. सात डोंगरांचा सातारा, सहा गल्ल्यांची सांगली असं म्हणतात. गावांची नावं फोडायची आमची हौस जुनीच. मामा एका छापखान्यात जुळारी होता. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, पण खिळे उलटे बघून तो ते हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या पट्टीत, झरझर जुळवायचा. मी त्याला शब्द कुठं तोडायचा ते विचारलं.

“स्टिक भरली की तोडायचा,” मामा म्हणाला. “इंग्रज गेला लेका, आता कोन इचारतंय?”

विचारणारा निघाला. एका सोसायटीच्या समारंभाची इंग्रजी पत्रिका होती. ओळ भरली आणि ‘चेअर’ वर राहिली, ‘मॅन’ खाली आला. नियमानं तोड अगदी बिनचूक, इंग्रजांच्याही आणि अमेरिकनांच्याही. प्रूफ घेऊन चेअरमन स्वतः आले. त्यांनी त्या रेघेवर बोट ठेवलं.

“खुर्ची वर आन् मानूस खाली? निवडणूक तोंडावर आलीया, कळतंय का?”

मामानं चिमटा घेऊन रेघ उपटली, वरच्या ओळीत शब्दाशब्दांमध्ये स्पेस कोंबले आणि चेअरमनना खुर्चीसकट खाली आणलं. ते समाधानानं गेले.

त्यानंतर त्या छापखान्यात चेअरमन कधी तुटला नाही. सेक्रेटरी मात्र स्टिक भरेल तिथं तुटायचा.