सागाला ऑइलपेंट

साखरशेतचं घर विकायला काढतोय, असं मी कल्याणला शाळेच्या स्टाफरूममध्ये जाहीर केलं, तेव्हा भूगोलाच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "मग ऊस किती एकर?" एकवीस वर्षं हा प्रश्न माझ्या मागे आहे. आमच्याकडे भात होतो, नागली होते, वरई होते. ऊस मी पाहिला तो जव्हारच्या रसवंतीत, चरकातून पिळून बाहेर पडताना.

गिऱ्हाईक मात्र त्याच बाईंच्या ओळखीतून मिळालं. मुंबईचं जोडपं. दाभोसा धबधबा बघायला येऊन गेलेलं आणि ठाणे जिल्ह्याचं महाबळेश्वर म्हणतात ते जव्हार हेच, यावर खूश असलेलं. (जिल्हा २०१४ पासून पालघर झालाय, पण महाबळेश्वर अजून ठाण्याचंच आहे.) फोनवर मुंबईच्या बाई म्हणाल्या, "आम्हाला अगदी अस्सल घर हवंय. फक्त संडास कमोडचा हवा." मी म्हटलं, घर अस्सलच आहे. ते किती अस्सल आहे, हे वडील गेल्यापासून चार वर्षांत मी पाहिलं नव्हतं.

भाऊबीज उरकून गेलो. घर बंद होतं, म्हणजे माणसांना बंद होतं. पडवीत काकीच्या कोंबड्या, ओटीवर शेळी, आणि मधल्या खोलीत छपरातून येणारे उन्हाचे सात-आठ कवडसे. कौलं परतायला हवी होती. पण दिवाळी झाली की आमच्याकडची हातातलं काम जाणणारी माणसं बिऱ्हाडासकट भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात. गावात उरतात म्हातारी माणसं, पोरं आणि सुट्टीवर आलेला मास्तर. मास्तर शिडी लावून वर चढला.

कौलावर पाय कुठे ठेवायचा, हे वडिलांनी मला लहानपणी सांगितलं होतं. वाशावर की दोन वाशांच्या मध्ये, एवढाच तपशील मी विसरलो होतो. उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. खाली काकी चहा ठेवत होती. तिने वर पाहिलं, लोंबणाऱ्या पायातली कोल्हापुरी ओळखली आणि म्हणाली, "चप्पल काढून चढतात रं."

पाय बाहेर काढेपर्यंत आणखी अकरा कौलं फुटली. कवडसे सात-आठ होते, तिथे आता मधल्या खोलीत भरदुपार झाली. मुंबईच्या भाषेत याला नैसर्गिक प्रकाश म्हणतात, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मग आवराआवर. घर विकायचं तर आधी मोकळं दिसलं पाहिजे, हे मी कुठेतरी वाचलं होतं. कोपऱ्यात एक जुनी कणगी होती, शेणाने सारवलेली. ती मी ओढत अंगणात नेली आणि उलटी करून झटकली. काकीने पुढच्या वर्षासाठी जपलेलं नागलीचं बियाणं तिच्या तळाशी होतं. नागलीचा दाणा मोहरीएवढा असतो, आणि कोंबड्यांना हे माझ्या आधीपासून माहीत होतं. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं सूप घेऊन अंगण पाखडत बसलो. काकी काही बोलली नाही. तिने बोलायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी मला कला सुचली. मुंबईकरांना वारली चित्र लागतं, आणि मी तर जन्माने वारली! कारवीच्या कुडाला गेरू फासला, तांदळाचं पीठ कालवलं, बांबूची काडी चावून कुंचला केला आणि तारपा नाच काढायला बसलो. मधे तारपकरी, भोवती नाचणाऱ्यांचा वेढा. संध्याकाळी काकी बघायला आली.

"हे सगळे तारपकऱ्याकडे पाठ करून कुठं चाललेत?"

तारप्याला पाठ दाखवून नाचत नाहीत, हे गावातल्या शेंबड्या पोराला कळतं. माझे नाचणारे मात्र फलाटावर लोकल लागल्यासारखे बाहेर निघाले होते. पीठही मी घट्ट कालवलं होतं. सकाळपर्यंत खालच्या रांगेतल्यांचे पाय कोंबड्यांनी टिपून नेले.

तेवढ्यात कागद आठवले. "आठचा उतारा घेऊन या," असं मला सांगितलं होतं. मी जव्हारला जाऊन रांग लावली आणि आठ-अ घेऊन विजयी परत आलो. आठ-अ हा महसुलाचा, शेतजमिनीच्या खात्याचा. घराला लागतो तो ग्रामपंचायतीचा नमुना आठ, घरपट्टीच्या आकारणीचा. या दोन आठांमध्ये माझे दोन दिवस आणि एक छत्री गेली. योग्य आठ हाती आला, तेव्हा त्यावर आजोबांचं नाव होतं. वडिलांचंही नव्हतं, मग माझं कुठून असणार?

आणि त्या रात्री मुंबईच्या बाईंचा फोन आला. "आम्ही वकिलांना विचारलं. तुम्ही आदिवासी ना? मग आम्हाला विकताच येत नाही म्हणे." जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला घ्यायची तर अर्ज घेणाऱ्याने करायचा, शासनाची पूर्वमान्यता लागते आणि मग जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी. १९७४ पासून हे असं आहे. "तुम्हाला कल्पना नव्हती का?" त्यांनी फार सौम्यपणे विचारलं.

कल्पना! मी नागरिकशास्त्र शिकवतो. पाचवी अनुसूची, अनुसूचित क्षेत्र, त्यात जव्हार आणि मोखाडा हे अख्खे तालुके, हे मी फळ्यावर नकाशा काढून शिकवतो. 'टिपा लिहा'मध्ये विचारतो आणि कलमाचा आकडा चुकला तर अर्धा गुण कापतो. फक्त हे कलम माझ्या घरालाही लागतं, असं माझ्या मनात कधी आलं नाही. त्यांना म्हटलं, हो, आता मी तेच सांगणार होतो.

काकीनेच मग दुसरा माणूस आणला. इमला घेणारा. जमिनीला हात लावायचा नाही, घर उतरवून लाकूड आणि कौलं तेवढी न्यायची, वनखात्याचा पास त्याने काढायचा. हा व्यवहार मला समजला. त्याच्या येण्याला दोन दिवस होते, आणि शिकलेल्या माणसाला दोन दिवस मोकळे देऊ नयेत. आठही खांब काळपट, तेलकट, धुराने माखलेले दिसत होते. जव्हारहून चार लिटर चॉकलेटी ऑइलपेंट आणला आणि दोन हात दिले. वासेही रंगवणार होतो, पण डबा संपला. आयुष्यात कंजूषपणाचा झालेला हा एकमेव फायदा.

माणूस आला. गेरूकडे त्याने पाहिलं नाही, पाय नसलेल्या नर्तकांकडे पाहिलं नाही. मान वर करून वासे मोजले आणि मग खांबापाशी येऊन थांबला.

"हे लोखंडी का?"

"साग आहे," मी म्हटलं. "जव्हार संस्थान १९४८ ला विलीन झालं, त्याच्याही आधी आजोबांनी उभे केलेत."

"दिसत नाय." त्याने खिशातून चाकू काढून खरवडलं. चॉकलेटी पापुद्रा वळला, खाली बोटभर सोनेरी रेषा उमटली. काकी म्हणाली, "चुलीच्या धुरानं साठ-सत्तर वर्षं राखला होता. कीड नाय लागली कधी."

"मग याला रंग कोणी फासला?" त्याने मला विचारलं. काकीने दिशा दाखवायला नुसती हनुवटी उचलली.

माणूस समंजस होता. वाशांचा भाव त्याने पूर्ण धरला. खांबांचा धरला नाही. रंग काढून साग दिसू दे, मग बोलू, म्हणाला. घासायला मजूर लावला तर मजुरी माझ्या हिशेबातून. पण मजूर वीटभट्टीवर.

काल संध्याकाळपर्यंत तीन खांब झाले. काकी पायरीवर बसून नागली निवडते आणि अधूनमधून, "तिथं राहिलं," म्हणते. पाच बाकी आहेत, काचपेपर संपलाय आणि शाळा सोमवारी उघडते.